डॉक्टराचे ऋण आणि खेड्याचा हक्क

खेड्यात डॉक्टर का येत नाही, आणि आला तर फार दिवस का राहत नाही, हा प्रश्न आमच्या भागातील प्रत्येक घराने कधी ना कधी विचारलेला आहे. रात्री-अपरात्री बाई अडली, तान्ह्या मुलास आकडी आली, कापूस वेचताना कोणास सर्पदंश झाला, की हा प्रश्न उंबऱ्यापाशी येऊन उभा राहतो. आणि संकट टळले की पुन्हा विसरला जातो. त्याचे उत्तर लोक बहुधा एका शब्दात देतात : लोभ. डॉक्टरास शहरात पैसा मिळतो म्हणून तो शहरात राहतो, असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखाद्या मनुष्यावर दोष ठेवण्यापूर्वी आपण त्याच्याकडून काय अपेक्षिले होते, आणि ते करावयास त्यास कोणी शिकविले होते काय, हे पाहणे न्यायाचे आहे. ह्या लेखात तोच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम आणि जिंतूर असे नऊ तालुके मिळून परभणी जिल्हा होतो. २०११ सालच्या जनगणनेप्रमाणे ह्या जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती, आणि त्यांतील दर शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे खेड्यांत राहत होती. सरकारी नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात दर ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र व दर ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. त्यांच्यावर ग्रामीण रुग्णालय असावे, आणि तेथे शस्त्रक्रिया करणारा, बाळंतपण करणारा व मुलांचे रोग जाणणारा असे तज्ज्ञ असावेत. कागदावर ही रचना उत्तम आहे. परंतु केंद्र सरकारच्याच २०२१-२२ सालच्या अहवालाप्रमाणे, देशातील खेड्यांच्या सामूहिक आरोग्य केंद्रांत जितके तज्ज्ञ पाहिजेत त्यांपैकी पाचांतले सुमारे चार कमी होते. इमारत आहे, खाटा आहेत, पाटीही आहे; ज्याच्यासाठी हे सर्व उभारले तो मात्र नाही.

ह्याचा परिणाम कोणास भोगावा लागतो? जिंतुराहून किंवा गंगाखेडाहून परभणी चाळीसएक किलोमीटर आहे. धडधाकट मनुष्यास हे अंतर काहीच नव्हे. बाजाराच्या दिवशी तो सकाळी जाऊन सायंकाळी परत येतो. परंतु जिचे रक्त वाहत आहे अशा बाळंतिणीस ते अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. ते घटकांत मोजावे लागते, आणि तितक्या घटका तिच्यापाशी असतातच असे नाही. परभणीसही जमले नाही तर पुढे नांदेड, किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. म्हणून डॉक्टर कोठे राहतो, हा प्रश्न केवळ सोयीगैरसोयीचा नाही. सारख्याच मोलाच्या दोन जिवांपैकी एकास उपचार मिळावा व दुसऱ्यास मिळू नये, आणि ह्याचा निर्णय केवळ त्यांच्या गावाच्या नावावरून व्हावा, हे योग्य आहे काय, असा तो नीतीचा प्रश्न आहे.

आता डॉक्टराकडे वळू. त्याच्यावर खेड्याचे काही ऋण आहे काय? आमच्या मते आहे, आणि ते दोन प्रकारचे आहे. पहिले ऋण पैशाचे. सरकारी महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी जी फी भरतो तीत त्याच्या शिक्षणाचा सारा खर्च निघत नाही; बाकीचा सरकारी तिजोरीतून होतो. आणि तिजोरी म्हणजे तरी काय? साबणाची वडी व चपलांचा जोड विकत घेणारी मजूर बाईदेखील तिच्यात आपला कर टाकीत असते. दुसरे ऋण ह्याहून खोल आहे, आणि त्याविषयी लोक क्वचितच बोलतात. डॉक्टर पुस्तकावरून अर्धाच शिकतो. उरलेला अर्धा तो रोग्याच्या देहावरून शिकतो. पहिली नाडी, पहिला टाका, पहिले बाळंतपण, हे सर्व तो कोणावर शिकला? श्रीमंत मनुष्य खासगी इस्पितळात मोठ्या डॉक्टराचा हात मागतो. सरकारी इस्पितळाच्या खाटेवर पडून, विद्यार्थ्यांचा घोळका भोवती उभा असता, पुन:पुन्हा पोट दाबून घेणारा रोगी बहुतेक वेळी सेलूचा, पालमचा, सोनपेठचा गरीब शेतकरी किंवा शेतमजूर असतो. त्याने आपले दुखणे ह्या विद्येस पाठ म्हणून दिले. हे ऋण रुपयांत फेडता येण्यासारखे नाही.

ऋण आहे असे ठरले, की ते वसूल करावे असा विचार साहजिकच पुढे येतो. त्यातूनच बंधपत्राची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या बॉण्डची, पद्धत निघाली. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, न केल्यास १० लाख रुपये भरावेत. आणि त्यापुढील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याने सेवा न केल्यास ५० लाख भरावेत, असा नियम करण्यात आला. अशा बंधपत्रांविरुद्ध डॉक्टर न्यायालयात गेले. परंतु १९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायदेशीर ठरविली. समाजाच्या खर्चाने शिकलेल्याकडून समाजाने काही काळ सेवा मागणे ह्यात अन्याय नाही, हे आम्हांसही मान्य आहे.

परंतु जे कायद्यास धरून आहे ते पुरेसे आहेच असे नाही. ह्या बंधनात दोन उणिवा आम्हांस दिसतात. पहिली ही की, ज्या कर्तव्याची किंमत रुपयांत ठरविली जाते ते कर्तव्य धनवानास विकत घेता येते. ज्याचा बाप १० लाख मोजू शकतो तो मोकळा होतो. ज्याच्या बापाने शेत गहाण ठेवून त्यास शिकविले तो खेड्यात जातो. म्हणजे सेवा ही गरिबाची शिक्षा आणि सुटका हा श्रीमंताचा मान, असा उलटा धडा तरुणांस मिळतो. दुसरी उणीव ही की, सक्तीने मनुष्याचे पाय आणता येतात, मन आणता येत नाही. जो पहिल्या दिवसापासून शेवटचा दिवस मोजीत बसतो, तो रोग्याचे नाव लक्षात ठेवीत नाही. वर्ष संपले की तो जातो, नवा येतो, आणि गावास पुन्हा आपल्या दुखण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

मग उपाय काय? काही म्हणतात, पगार वाढवा. पगार वाढवावा, राहावयास नीट घर द्यावे, ह्याविषयी आमचा वाद नाही. जो इतरांची काळजी वाहतो त्याच्या मुलाबाळांचीही कोणी काळजी वाहिली पाहिजे. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळदा दृष्टीआड होते. खेड्यापासून दूर राहणाऱ्या पुष्कळ तरुण डॉक्टरांस तेथे लोभापेक्षा भय दूर ठेविते.

हे भय कसले, ते नीट समजून घेतले पाहिजे. एम.बी.बी.एस. झाल्यावर तज्ज्ञ होऊ इच्छिणारा डॉक्टर आणखी तीन वर्षे मोठ्या इस्पितळात राहून शिकतो. त्यास निवासी डॉक्टर म्हणतात. ह्या तीन वर्षांत त्याचा हात तयार होतो आणि त्याच्या सवयी पक्क्या होतात. मोठ्या इस्पितळात त्याच्या पाठीशी काय काय असते? रक्तपेढी असते, भूल देणारा असतो, निरनिराळ्या तपासण्यांची यंत्रे असतात, शंका आली तर विचारावयास वडील डॉक्टर असतो. तो एका शाखेत प्रवीण होतो, परंतु नेहमी दहा माणसांच्या मेळ्यात काम करूनच. अशा मनुष्यास एकदम तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन सोडा. रात्रीचे दोन वाजले आहेत, बाई अडली आहे, भूल देणारा नाही, रक्त परभणीहून आणावयाचे आहे, आणि दाराबाहेर तीस नातेवाईक उभे आहेत. त्याने शिकलेली विद्या खरी आहे, पण ती दुसऱ्या ठिकाणची आहे. त्याच्या हातून चूक झाली तर एक जीव जाईल, हे तो जाणतो. आणि जाणतो म्हणूनच भितो. अशा भयास लोभ म्हणणे न्याय्य नाही. विहिरीत कधी न उतरलेल्यास पुरात उडी घाल म्हणावे, आणि त्याने मागे पाहिले तर त्यास भेकड म्हणावे, तसे हे होईल.

ह्यावरून आमचा मुख्य मुद्दा निघतो. जे करावयास आपण मनुष्यास तयार केले नाही, ते न केल्याबद्दल त्यास दोष देण्याचा आपणांस पुरा अधिकार नाही. कर्तव्य सांगणाऱ्यावर शिकविण्याचेही कर्तव्य येते. खेड्याचा डॉक्टरावर हक्क आहे. परंतु तो हक्क खरा करावयाचा असेल तर डॉक्टराची घडण खेड्याजवळ, खेड्याच्या कामासाठी, आणि ते काम जाणणाऱ्या गुरूच्या हाताखाली झाली पाहिजे.

ही कल्पना नवी नाही. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्या काळी देशात पदवीधर डॉक्टरांपेक्षा थोडक्या मुदतीत शिकलेले लायसेन्शिएट अधिक होते. समितीतील बहुमताने ती शाखा बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर सर्वत्र असावा असे ठरविले, आणि त्यास रोग टाळण्याची व समाजाची विद्या तीन महिने शिकवावी असे सुचविले. हेतू चांगला होता : गरिबास कमी शिकलेला डॉक्टर का द्यावा? पण दर्जा वाढला तसा डॉक्टर शहराकडे सरकला, आणि ते तीन महिने पुष्कळ ठिकाणी नावापुरते उरले. पुढे १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यावी अशी योजना निघाली. मोटारी मिळाल्या, विद्यार्थी खेड्यात गेले. परंतु बहुतेक ठिकाणी सकाळी गेलेली मोटार सायंकाळी परत आली. खेडे पाहणे निराळे व खेड्यात राहून काम शिकणे निराळे.

आमच्या मराठवाड्यात अंबाजोगाई येथे १९७४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचे नाव त्यास दिलेले आहे, आणि आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याची ख्याती आहे. नंतर नांदेडास व लातुरास महाविद्यालये झाली. ह्या संस्थांनी लक्षावधी गरिबांस औषधपाणी दिले आहे, आणि त्या नसत्या तर आमच्या लोकांची काय दशा झाली असती हे सांगावयास नको. तथापि महाविद्यालय जवळ आले म्हणून डॉक्टर गावात आला असे आपोआप होत नाही. तेथे शिकलेला मनुष्य कशास मोठेपण समजावयास शिकला, ह्यावर पुढचे सारे अवलंबून असते. गुरू जर उठता-बसता पुण्या-मुंबईच्या इस्पितळांची थोरवी गाईल, तर शिष्याची वाट ठरून गेली.

उलट बाजूची उदाहरणेही आपल्याच प्रदेशात आहेत, आणि मिशन इस्पितळांशी ज्यांचा परिचय आहे अशा आमच्या वाचकांस ती ठाऊक असतील. डॉक्टर विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस इस्पितळ उभारले, आणि १८९७ साली तेथेच वैद्यकीय शाळा काढली. तिच्यातून शिकलेले तरुण दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत कामास गेले. ते का टिकले? दूर गावाहून आलेला, उशिरा आणलेला, ज्याच्यापाशी पैसा नाही असा रोगी हाच त्यांचा पहिला पाठ होता. पुढे एकट्याने दवाखाना चालविताना त्यांस नवे असे थोडेच दिसले.

वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडर ह्यांनी १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. रस्त्याच्या कडेला झाडाखाली ठराविक दिवशी दवाखाना भरविण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर जात. पुढे त्या संस्थेत अशी रीत पडली की, मंडळी किंवा मिशन आपल्या माणसास शिकावयास पाठवील, आणि शिकून झाल्यावर त्याने ठरावीक वर्षे मिशनच्या इस्पितळात काम करावे. हेही एक बंधनच होय. परंतु ह्या बंधनात आणि दंडाच्या बंधनात अंतर आहे. तेथे पाठविणारे लोक ओळखीचे असतात, वाट पाहणारे इस्पितळ आधीपासून ठाऊक असते, आणि तेथे गेल्यावर आपल्याच शाळेतला एखादा वडील डॉक्टर भेटण्याची शक्यता असते. मनुष्य अनोळखी सरकारचे देणे टाळू पाहतो. ज्यांनी नाव घेऊन पाठविले त्यांचे देणे टाळणे त्यास जड जाते.

ह्याच वेल्लोरास शिकलेले डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडास आले. त्यापूर्वी त्यांनी वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केले होते, आणि अमेरिकेत निवासी डॉक्टर म्हणून व सार्वजनिक आरोग्याचे असे दोन्ही शिक्षण घेतले होते. त्यांनी गावोगावच्या निरक्षर, पुष्कळदा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील बायांस आरोग्याचे काम शिकविले, आणि त्या बायांनी बाळंतपणे सुखरूप केली, मुले वाचविली, कुष्ठरोग्यास घरात जागा मिळवून दिली. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, ते केवळ दयाळू होते म्हणून टिकले नाहीत. त्यांनी आपणांस ह्या कामासाठी वर्षानुवर्षे तयार केले होते.

येथे कोणी म्हणेल, ही माणसे श्रद्धेच्या बळावर आली; श्रद्धा काही शाळेत शिकविता येत नाही. खरे आहे. परंतु श्रद्धा मनुष्यास दारापर्यंत आणते. आत गेल्यावर हातास शिकलेले असावे लागते. अडलेल्या बाईजवळ बसून रडणारा चांगला मनुष्य तिला वाचवू शकत नाही. म्हणूनच ज्यांची श्रद्धा मोठी होती त्यांनीच शाळा काढल्या. आणि उलटपक्षी, अंगी फारसा त्याग नसलेला सामान्य तरुणही, ज्या कामात आपला हात बसला आहे व जेथे आपली गरज प्रत्यक्ष दिसते, त्या कामात रमतो. मनुष्य जे चांगले करू शकतो ते त्यास आवडू लागते. ओढ पुष्कळदा सवयीतून जन्मते.

खेड्यात राहिल्याने विद्या गंजते असे एक भय असते, त्याचेही येथे निरसन करू. डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील खेड्यात जन्मले. १९७० नंतरच्या दशकात ते रायगड जिल्ह्यातील महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कामास होते. विंचू चावून मुले मरत होती आणि पुस्तकांत त्याचा उपाय सापडत नव्हता. त्यांनी रोग्याजवळ बसून एकेक लक्षण टिपले, पुढे पुण्यास जाऊन वरची पदवी घेतली, आणि परत महाडास येऊन प्राझोसिन ह्या औषधाने हे मृत्यू पुष्कळ कमी करता येतात हे दाखविले. लॅन्सेट ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे लिखाण छापले. हे ज्ञान मोठ्या शहरात उत्पन्न होणे कठीण होते, कारण ते रोगी तेथे जिवंत पोहोचतच नव्हते.

आता चालू काळाकडे येऊ. सप्टेंबर २०२० मध्ये देशात असा नियम झाला की, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टराने आपल्या तीन वर्षांपैकी तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करावे. ह्यास जिल्हा निवासी योजना म्हणतात. परभणीस २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली; साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची उमेदवारी धरता ती मुले २०२९ सालच्या सुमारास डॉक्टर होऊन बाहेर पडतील. म्हणजे जे बीज पेरावयाचे त्याची वेळ हीच आहे. घडण झाल्यावर मडक्याचा आकार बदलता येत नाही.

ही तीन महिन्यांची योजना चांगली आहे. परंतु तिचे फळ ती कशी चालविली जाते ह्यावर आहे. तेथे शिकविणारा कोणी नसेल, आणि रिकाम्या जागेवर बसवावयास एक हात मिळाला एवढेच पाहिले जाईल, तर तो निवासी डॉक्टर तीन महिन्यांत एकच गोष्ट शिकेल : येथे पुन्हा येऊ नये. ह्याउलट खेड्याचे काम आवडीने करणारा एक वडील डॉक्टर त्याच्याजवळ असेल, बाळंतपणाची शस्त्रक्रिया, भूल, नवजात मूल, सर्पदंश व फवारणीच्या औषधाची विषबाधा ही सारी कामे थोड्या साधनांत कशी करावी हे तो हाताला हात लावून शिकवील, अडचण आली तर महाविद्यालयातील तज्ज्ञास विचारता येईल, आणि तोच रोगी महिन्याने बरा होऊन परत आलेला दिसेल, तर भय ओसरू लागते. अशा काळाची मुदत वाढविता आली, आणि सर्व प्रकारच्या रोग्यांस सांभाळणाऱ्या कुटुंबवैद्यकाच्या शाखेस इतर शाखांइतकाच मान मिळाला, तर पुष्कळ तरुण खेड्यास आपले कार्यक्षेत्र मानतील.

ही आमचीच कल्पना आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली ह्या विषयावर ज्या शिफारशी केल्या त्यांत हेच आहे : खेड्यातील मुलांस वैद्यकीय शाळांत घ्या, शाळा राजधानीबाहेर काढा, शिकत असतानाच त्यांस खेड्यात काम करू द्या, आणि त्यांच्या राहणीची व सोबतीची व्यवस्था करा. जपानात १९७२ साली निघालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांत आपली मुले निवडून पाठवितो. नऊ वर्षे आपल्या प्रांतात काम केल्यास त्यांच्यावर शिक्षणाच्या पैशाचे ओझे राहत नाही. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राम महाविद्यालयात, जे डॉक्टर सुशीला नायर ह्यांनी १९६९ साली स्थापिले, विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते व तेथे जाऊन राहते.

ह्यावर खेड्यातील मनुष्याचा एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. तो म्हणेल, "शिकाऊ डॉक्टर आमच्याच वाट्यास का? श्रीमंतास पिकलेला हात, आणि आमच्या देहावर शिकवणी?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, वर आम्ही ज्या ऋणाविषयी बोललो तेच येथे पुन्हा समोर येते. आमचे उत्तर असे. शिकाऊ डॉक्टरास एकटे सोडणे हे पाप होय, मग ते खेड्यात असो की शहरात. परंतु गुरूच्या नजरेखाली काम करणारा निवासी डॉक्टर आणि कोणीच नसणे, ह्यांत निवड करावयाची तर उत्तर उघड आहे. शिवाय गरीब मनुष्य आजही मोठ्या इस्पितळात विद्यार्थ्यांच्या हाताखालीच असतो. फरक इतकाच की तेथे शिकलेला डॉक्टर त्याच्या गावी येत नाही. आपल्या गावाजवळ शिकलेला निदान येण्याचा संभव तरी आहे. गुरू हजर असलाच पाहिजे, ही अट मात्र गावाने कधी सोडू नये.

दुसरा आक्षेप निराळ्या बाजूचा आहे. डॉक्टरास आकर्षून घ्यावयाचे, म्हणजे त्यास आमिष दाखवावयाचे काय? सेवा ती सेवा. तिला गोड करण्याची गरज काय? ह्यास आम्ही म्हणतो, आमिष व आमंत्रण ह्यांत भेद आहे. आमिषात आतला गळ लपविलेला असतो. आमंत्रण देणारा घर झाडून ठेवितो, पाण्याचा तांब्या भरून ठेवितो आणि पाहुण्यास खरे काय ते सांगतो. चांगले शिक्षण, चांगला गुरू आणि राहावयास नीट जागा देणे हे घर झाडून ठेवण्यासारखे आहे. कष्ट आहेत हे लपवू नये. एकट्यानेच सोसावे लागतील असेही होऊ देऊ नये.

शेवटी आमच्या गावच्या वाचकांस, शिक्षकांस व वडील मंडळींस दोन शब्द सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. हक्क मागणाऱ्यावर कर्तव्यही येते. नवा डॉक्टर गावी आला तर आपण त्यास कसे वागवितो? ताप आला की सलाईन व सुई मागतो, आणि जो "ह्याची गरज नाही" असे प्रामाणिकपणे सांगतो त्यास सोडून, मागेल ते टोचणाऱ्याकडे जातो. रोगी दगावला, तर पुष्कळदा अगोदर उशीर आपणच केलेला असतो आणि राग डॉक्टरावर काढतो. डॉक्टरांवर व दवाखान्यांवर होणारे हल्ले थांबविण्यास महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला, ही आपणांस भूषणावह गोष्ट नव्हे. ज्या तरुणाने पहिल्याच महिन्यात जमावाची आरडाओरड पाहिली तो दुसऱ्या महिन्यात बदलीचा अर्ज लिहितो, आणि त्याच्या मागून येणाऱ्यांसही सांगतो. आशा व परिचारिका ह्या गावातीलच मुली होत. त्यांचा शब्द मानला गेला तर डॉक्टराचे निम्मे काम हलके होते.

आणि आपली मुले? डॉक्टर बाहेरूनच यावा असे आपण का धरून चालतो? गावची हुशार मुलगी दहावी झाली की तिचे लग्न ठरविण्याची घाई होते. विज्ञान शिकावयास, प्रवेशपरीक्षेसाठी लातूर-नांदेडच्या शिकवणीस पाठविण्यास पैसा नाही असे म्हटले जाते, आणि त्याच वर्षी त्याहून मोठी रक्कम लग्नात खर्च होते. सर्वांस हे साधणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एखाद्या गावाने, एखाद्या मंडळीने, मिळून एका मुलास किंवा मुलीस नाव घेऊन पाठविले, तिची फी वाटून घेतली, सुट्टीत ती आली की तिच्याशी बोलले, आणि "आम्ही तुझी वाट पाहत आहो" असे तिला कळू दिले, तर ते बंधपत्रापेक्षा बळकट होईल.

सरकारने तीन महिन्यांचा नियम केला, महाविद्यालय दिले. आता तेथे कोणास काय शिकविले जाते ह्याची चौकशी करणे हे आपले काम आहे. ग्रामसभेत रस्त्याविषयी व पाण्याविषयी आपण विचारतो. आमच्या ग्रामीण रुग्णालयात निवासी डॉक्टर येतात काय, त्यांच्याबरोबर शिकविणारा असतो काय, त्यांस राहावयास खोली आहे काय, हेही त्याच ग्रामसभेत, त्याच स्वरात विचारले पाहिजे. हे विचारावयास डॉक्टरीचे ज्ञान लागत नाही.